गाळात दगड नसतो

बारामती, ३ मार्च १९९७

तात्या,

'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मजकुरातलं गळालेलं अक्षर तुम्हाला लगेच दिसतं. गळालेला माणूस दिसत नाही.

काल तुमचा सत्कार पाहिला. 'साप्ताहिक जागल्या'ला वीस वर्षं झाली म्हणून गावानं तुम्हाला शाल दिली, नारळ दिला. तुम्ही भाषणात म्हणालात, "संपादक महिपती रासकरनं कधी जात बघितली नाही, पात बघितली नाही." टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो, मीही वाजवल्या. गर्दी जे करते ते आपण करावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

त्या नावाबद्दल एकदा बोलायचं होतं, राहून गेलं. माझ्या आजोबांना आमचं गाव 'जागल्या' म्हणूनच हाक मारायचं. रात्रभर वेशीवर जागायचं, चोर आला तर ओरडायचं, सकाळी भाकरी मागायला दारोदार जायचं आणि भाकरी वरून टाकलेली झेलायची. छप्पन्न साली धर्म बदलला, तेव्हा आजोबांनी जागल्याची काठी चुलीत घातली. तुम्ही ते नाव उचललंत, पेपराच्या डोक्यावर ठळक टाइपात लावलंत आणि त्याला मान मिळाला. नाव तेच. माणूस बदलला की किंमत बदलते.

तुमच्या पेपरात चार वर्षं बातम्या लिहिणारा अनुप ओहोळ पुढं कुठं गेला, हे तुम्ही कुणाला विचारलं नसेल, म्हणून सांगतो. मद्रासला ट्रेनिंग घेऊन फौजेत अधिकारी झालो. तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं, की या माणसापुढं लोक आपण होऊन बोलतात. मला लष्करी गुप्तवार्ता विभागात घेतलं. पाच वर्षं सरहद्दीवर लोकांना बोलतं केलं. कॅप्टन होऊन बाहेर पडलो आणि आता राज्याच्या पोलिसांकडं तेच काम करतो. बातमी काढणं आणि माहिती काढणं यात फरक एवढाच, की बातमीखाली नाव येतं.

हे मी कुणाला सांगू नये असा नियम आहे. तुम्हाला सांगायला हरकत नाही. छापण्यासारखं काही हाताला लागलं, की तुम्ही ते गादीखाली ठेवता.

माझी नेमणूक सध्या इंदापूरकडं आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर डाळजपाशी मासेमारांची चळवळ चालू आहे. पाण्याचा ठेका झुंबरशेठ नावाच्या माणसानं घेतलाय. मासा धरायचा भोयांनी आणि भाव ठरवायचा शेठनं. बाहेर विकला, तर जाळी फाडतात, होडी बुडवतात. ही माणसं रस्त्यावर उतरणार आहेत, आणि कधी व कुठं उतरणार हे मी कळवायचं आहे.

त्यांची पुढारी एक बाई आहे. अंजली महिपती रासकर. नाव ओळखीचं वाटतं का?

अनुप ओहोळ


डाळज, २६ मार्च १९९७

तात्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी इथं पत्रकार म्हणून आलोय. ही आमच्या साहेबांची कल्पना. "ओहोळ, तुझं नाव त्या भागात लोकांना माहीत आहे, तेच वापर." खांद्याला शबनम, खिशाला दोन पेनं. चार वर्षं तुमच्याकडं होतो तेव्हा हे सोंग नव्हतं, एवढाच फरक.

मला वाटलं होतं, ओळख पटवायला आठवडा जाईल. पहिल्याच दिवशी काठावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता, धोंडीबा नाव. मी नाव सांगितलं, तर त्यानं सुई तिथंच खोचली.

"ओहोळ? पाण्याखालचं गाव लिवनारा?"

'जागल्या'त मी धरणात गेलेल्या गावांवर लिहिलं होतं, तुम्हाला आठवणार नाही. त्याला पाठ आहे. त्यानं बायकोला हाक मारली.

"भागे, हिकडं ये! ह्यो बघ त्यो. आपल्या म्हसोबाचं नाव ह्यानं पेपरात घातलं व्हतं."

भागुबाई हात पुसत आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई वाळलाय. पेपरवाले जेवाय घालीत न्हाईत का?" मग मरळीचं कालवण आणि बाजरीची भाकरी. मी जेवत असताना ती समोर बसून झुंबरशेठच्या माणसांनी काय काय केलं ते सांगत होती. कुणाच्या होड्या फोडल्या, कोण कोण आता गप्प बसणार नाही, कुणाच्या घरी बैठक होते. अधूनमधून म्हणायची, "हे लिव. त्या झुंबऱ्याचं नाव मोट्या अक्षरात घाल." मी मान हलवत होतो.

सरहद्दीवर एक नाव काढायला महिना जायचा. इथं कालवणाबरोबर वाढतात. छापलेल्या अक्षरावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसांची मला कीव येते. तो विश्वास तुमच्यासारख्यांनी कमावलेला नाही, फुकट मिळालाय.

दुपारी अंजली आली. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत गाळानं भरलेले. उन्हानं काळी झालीय. मला बघून थांबली.

"अनुप? पुन्हा लिहायला लागलास?"

"हो."

"कुठं?"

"पुण्याला, एका दैनिकात."

"बाबांना भेटलास?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "मीही सणावारीच जाते." मग हसली. ती हसल्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. रिपोर्टात लिहायची गरज नव्हती.

तात्या, या अंजलीला मी तुमच्याकडं मागितलं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात, छापखान्यात. तुम्ही सहा डिसेंबरच्या अंकाचं प्रूफ वाचत होता. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. म्हणालात, "माझं काय न्हाय रे अनुप. माझ्या घरात तू पोरासारखा. पन भावकी हाय. धाकटीचं जमवायचं हाय अजून. समाज तयार झाला न्हाय." आणि मग, मी तिथंच उभा असताना, तुम्ही हस्तलिखित माझ्याकडं सरकवलंत. "जाताना एवढा अग्रलेख तेवढा जुळवून जा. सकाळी छपाई हाय."

मी जुळवला. समतेवरचा अग्रलेख, खिळ्याखिळ्यानं, काना मात्रा न चुकता. अंजलीच्या आईनं, द्वारकाकाकूंनी, चहा आणून ठेवला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या नव्हतं. तेवढा मोठा अग्रलेख जुळवायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. तेवढ्या वेळात तुम्ही एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

लष्कराचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी टाकला.

अनुप


इंदापूर, २१ एप्रिल १९९७

तात्या,

माझा रिपोर्ट साहेबांना आवडला नाही.

मी लिहिलं होतं : आंदोलन शांततेचं आहे, मागणी ठेका रद्द करून सोसायटीला पाणी देण्याची आहे, बाहेरच्या कुठल्याही संघटनेचा हात नाही. साहेबांनी 'नाही'वर बोट ठेवलं.

"इथं 'आहे' पाहिजे."

"नाही, सर."

"ओहोळ, तू अजून पत्रकारच राहिलास. ही रासकर बाई पुण्यात शिकली, मोर्चे काढते, लग्न करत नाही. अशा बाईमागं कुणीतरी असतंच."

मला हसू आलं. अशा बाईमागं कुणीतरी असायला पाहिजे होतं, हे त्यांना कोण सांगणार? साहेबांची बदली पुण्याला व्हायची आहे, आणि त्यासाठी इंदापुरात एखादा कट सापडायला हवा. झुंबरशेठ विश्रामगृहावर येऊन गेले. मलाही बाजूला घेऊन म्हणाले, "काय लागेल ते सांगा." अंगाला अत्तर, आणि अत्तराखाली मासळीचा वास. ज्या मासळीवर हा माणूस पोसला, तिचा वास लपवायला एवढी धडपड.

तुम्हाला वाटत असेल, मी आता 'आहे' लिहिलं की काय. नाही लिहिलं. पण बाकीचं लिहिलं. पाच मेला महामार्गावर बसणार. त्याआधी सकाळी सगळे होड्यांनी येऊन डाळजच्या काठावर जमणार. मुख्य माणसं कोण. ही माहिती देणं माझं काम आहे, आणि मी कामात कुचराई करत नाही. ती सवय तुम्हीच लावलीत.

आता ऐका. काठ सखल आहे. मागं पाणी, पुढं चिखल, वर जायला एकच वाट. ती वाट पोलिसांनी धरली, तर माणसांना पळायला जागा नाही. हे मला दिसतंय, कारण पाच वर्षं मी हेच बघत होतो.

तुम्ही त्या दिवशी तिथं या. लिहू नका, भाषण करू नका, नुसते अंजलीच्या शेजारी बसा. बारामतीचे संपादक महिपतराव रासकर, गावानं शाल दिलेले, काठावर बसलेत म्हटल्यावर लाठी उचलायच्या आधी साहेब दहा वेळा विचार करतील. तुम्हाला त्यांच्या शब्दावर जाहिराती मिळतात, त्यांना तुमच्याकडून फोटो मिळतात. एवढी ओळख पुरे आहे.

मी कुणापुढं हात पसरत नाही, आणि तुमच्यापुढं तर मुळीच नाही. ही सूचना समजा. एसटी भिगवणवरून जाते.

अनुप


इंदापूर, ११ मे १९९७

तात्या,

तुम्ही आला नाहीत.

सकाळी सगळे होड्यांतून उतरले. बायका पुढं होत्या. भागुबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. धोंडीबानं मला हाक मारली, "पेपरवाले, फुडं या, फोटू काढा." मी वाटेच्या तोंडाशी उभा होतो, कारण तुकडी तिथून येणार हे मला माहीत होतं. अंजली बोलायला उभी राहिली आणि तुकडी आली.

पाच मिनिटांचा इशाराही दिला नाही. माणसं मागं सरली तर पाणी, पुढं आली तर लाठी. अंजलीला केसांना धरून वर ओढत नेलं. धोंडीबा तिच्याकडं निघाला होता. त्याच्या हातात काही नव्हतं. डोक्यात दोन फटके बसले, दुसरा तो पडल्यावर. मी वीस पावलांवर होतो. मी ओरडलो नाही. आमच्या कामात ओरडत नाहीत.

धोंडीबा तिसऱ्या दिवशी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात वारला.

लाठीमार झाला त्याच संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "पेपरांना पाठवायचं निवेदन तू लिही. तुझा हात चालतो." मी लिहिलं. "जमावाने पोलिसांच्या दिशेने तुफान दगडफेक केली. त्यातील एक दगड लागून जमावातीलच एक वृद्ध इसम गंभीर जखमी झाला." आणि खाली 'बाहेरच्या शक्तींचा हात असल्याचा संशय.' तो 'संशय' साहेबांनी सांगितला. बाकीचं वाक्य माझं.

का लिहिलं, याचं एक कारण माझ्याकडं होतं, आणि त्या कारणाचं नाव महिपती रासकर. निवेदनात मी डाळजचा काठ लिहिला होता, पाणी ओसरल्यावर पेरतात तो गाळपेराचा काठ. तिथं हातभर खणलं तरी चिखलच लागतो. मूठभर दगड मिळवायचा तर मैलभर वर रस्त्याला जावं लागतं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी औत धरलंय, त्याला हे वाचताक्षणी खटकायला हवं. तुम्ही माळी आहात, तात्या. माती हातात चुरगाळून सांगता, हिच्यात वांगी येतील की कांदा. तुम्हीच मला शिकवलंत, "बातमीत जागा आली की आधी ती जागा डोळ्यापुढं आन." मला वाटलं, बाकीचे छापतील, हा माणूस थांबेल. विचारील, की गाळात दगड आला कुठून? आणि नाही विचारलं, तरी स्वतःची पोरगी कोठडीत आहे म्हणून एक फोन करील.

परवा 'जागल्या' हातात पडला. पहिलं पान, आठ कॉलम. 'डाळज येथे जमावाची दगडफेक, वृद्धाचा बळी.' मथळ्यात 'बळी' तेवढा तुमचा, खाली निवेदन जसंच्या तसं. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाहीत. अंजलीचं नाव मात्र काढलंत, 'एक महिला कार्यकर्ती' असं केलंत. तेवढं संपादन तुम्हाला जमलं.

नऊ वर्षांनी माझी बातमी तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर घेतलीत. अभिनंदन कुणी कुणाचं करायचं?

अनुप


इंदापूर, ३० जून १९९७

तात्या,

तुमचं कार्ड मिळालं. चार महिन्यांत पहिलं. मजकूर एवढाच : "अंजलीवर मनुष्यवधाचं कलम लावलंय. तू खात्यात आहेस. कलम काढून घे. काय लागेल ते सांग."

काय लागेल ते सांग. झुंबरशेठनं हेच म्हटलं होतं, शब्दाला शब्द. तुम्हा दोघांना एका बाकावर बसवलं पाहिजे.

कलम का लागलं ते तुम्हाला कळलंय का? निवेदनात लिहिलं की धोंडीबाला जमावाचा दगड लागला, आणि तो मेला. मग जमावावर मनुष्यवध, आणि जमावाची पुढारी अंजली. तिच्याबरोबर अकरा जणं आहेत, त्यात भागुबाईचा सख्खा भाचा बिरू आहे. म्हणजे खटला असा, की धोंडीबाला त्याच्याच माणसांनी मारलं. हे मी लिहिलं आणि तुम्ही छापलंत. सरकारी वकिलाच्या कागदपत्रांत 'जागल्या'चं कात्रण जोडलेलं आहे. त्यावर लाल पेन्सिलनं खूण आहे. मी स्वतः पाहिली.

दवाखान्यात काय झालं ते मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मी गेलो होतो. साहेबांनी पाठवलं होतं, म्हातारा शुद्धीवर येऊन काही बोलतो का ते बघायला. तो बोलला नाही. भागुबाई व्हरांड्यात फरशीवर बसली होती. मला बघून तिनं माझा हात धरला. ती अजून मला पेपरवालाच समजत होती.

"तू व्हतास ना तितं? वाटंच्या तोंडाला हुबा व्हतास. म्या बघितलं तुला."

"व्हतो, आजी."

"मंग तू बघितलंस. कुनी मारलं ते तू बघितलंस. लिव की मंग. आमी सांगितलं तर कोन आयकतंय? तू लिवलं की आयकत्यात."

माझी भाषा तिच्यापुढं आपोआप तिच्यासारखी झाली होती. खात्यात याला कसब म्हणतात. त्या वेळी कसब नव्हतं. हात सोडवून घेतला आणि जिना उतरून आलो.

धोंडीबाच्या मृत्यूची दंडाधिकारी चौकशी प्रांतसाहेबांपुढं लागली आहे. साक्षीला कुणी बोलावलेलं नाही, मी स्वतः अर्ज दिला. सोमवारी माझी साक्ष आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून समजावलं, मग धमकावलं, मग खुर्ची ओढून बसायला लावलं. "ओहोळ, तुमच्या लोकांना एवढी चांगली नोकरी मिळते, ती अशी घालवायची असते का?" 'तुमच्या लोकांना.' मी म्हटलं, "सर, माझ्या आजोबांनी यापेक्षा जुनी नोकरी चुलीत घातली होती." त्यांना कळलं नाही. तुम्हाला कळेल.

मी हे तुमच्या मुलीसाठी करत नाही. तुमच्यासाठी तर नाहीच. एक बाई म्हणाली, 'कुनी मारलं ते तू बघितलंस.' तिला अजून 'हो' म्हणालेलो नाही.

सोमवारी या, नाहीतर येऊ नका. तुमच्या येण्यावर मी आता काही ठेवलेलं नाही.

अनुप


इंदापूर, ९ सप्टेंबर १९९७

तात्या,

तुम्ही आलात. मला दिसलात, मागच्या बाकावर, धोतराच्या सोग्यानं मान पुसत. माझी साक्ष चालू असताना तुम्ही काही लिहून घेतलं नाही. नाव विचारलं तेव्हा मी पूर्ण सांगितलं, हुद्दा सांगितला. प्रांतसाहेबांनी विचारलं, "हे निवेदन कुणी लिहिलं?" मी म्हणालो, "मी." "त्यातली दगडफेक तुम्ही पाहिली?" "नाही. त्या काठावर दगड नाहीत." कुणीतरी मागून हुंदका दिला. तुम्ही असाल असं मला वाटत नाही.

आता हिशेब असा झाला. मनुष्यवधाचं कलम निघालं. अंजली आणि बाकीचे जामिनावर बाहेर आले. बिरू घरी आला. ज्या शिपायानं दुसरा फटका मारला, तो निलंबित आहे. ज्या साहेबांनी हुकूम दिला, त्यांची बदली पुण्याला झाली. त्यांना हवी होती तीच. मी निलंबित आहे, पुढं बडतर्फ होईन. झुंबरशेठचा ठेका वर्षअखेरीला संपतो आणि सोसायटीचा अर्ज मुंबईला पडून आहे. जिंकलं कुणी नाही.

आणि 'जागल्या'नं खुलासा छापला. पान तीन, तळाला, कांद्याच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली. धोंडीबाला मारलंत आठ कॉलमात आणि सोडवलंत दोन ओळींत.

कालच्या कार्डात तुम्ही लिहिलंय, "आता तू मोकळा आहेस. परत ये. पेपर तुझाच आहे." नको. तुमच्या पेपरात मला माझं नाव पुन्हा बघायचं नाही.

त्यापेक्षा दुसरं सांगतो. अंजली जामिनावर सुटल्यावर मला इंदापूरच्या एसटी स्टँडवर भेटली. मी कोण आहे हे तिला साक्षीच्या दिवशी कळलं होतं. मला वाटलं होतं, थोबाडीत देईल. ती कँटीनमध्ये बसली, चहा मागवला, माझ्यासाठी मागवला नाही.

"तू माझ्यावर पाळत ठेवत होतास."

"हो."

"आणि मला वाटलं, तू परत आलास." तिनं कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "आईनं मला सांगितलं होतं. तू बाबांकडं मला मागितलंस ते."

मी म्हटलं, "त्यांनी नाही म्हटलं."

"ते ठाऊक आहे. मला का नाही विचारलंस?"

 नऊ वर्षं मी तुमच्यावर दात खाल्ले, तात्या. पत्रातून खाल्ले, न लिहिलेल्या पत्रांतून खाल्ले. त्या सगळ्यात अंजलीला काय हवं होतं, हा प्रश्नच आला नव्हता. तुमच्या छापखान्यात तिचं काय करायचं हे दोन पुरुष ठरवत होते, आणि त्यातला एक मी होतो. तुमचा तिरस्कार यानं कमी होत नाही. पण त्यात आता एकटे तुम्ही नाही.

"विचारलं असतं तर?" मी म्हटलं.

"ते आता कशाला?" ती उठली. "भागुबाईला अजून कुणी सांगितलेलं नाही, तू कोण होतास ते. मी सांगणार नाही. तू सांगायचंस. चल."

डाळजला गेलो. भागुबाई दारात वाम मासा साफ करत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. पोलिसांचा माणूस होतो. तू सांगितलेलं सगळं मी वर कळवलं. काठावर जमणार हेही. आणि पेपरात आलेलं मीच लिहिलं होतं.

तिनं हातातली सुरी खाली ठेवली नाही. मासा तेवढा बाजूला केला.

"मरळीचं कालवण घातलं म्या तुला," ती म्हणाली. "म्हनलं, लिवनारं पोर हाय, उपाशी नगं जायाला."

 पाठ करून बसली आणि पुन्हा कामाला लागली. मी उभा राहिलो. अंजली कडुनिंबाखाली बसून होती. ऊन कलल्यावर म्हणाली, "आज एवढंच. उद्या परत ये."

"किती दिवस?"

"ते तिला माहीत."

तेव्हापासून मी जातोय. सकाळच्या एसटीनं जातो, दारात उभा राहतो. ती तिची कामं करते. बिरू येता-जाता थुंकतो. माझ्यावर नाही, शेजारी. एक दिवस ती बाजारला गेली, तेव्हा मी रिकाम्या दारापुढं उभा होतो. फौजेत पहारा दिलाय, पण हे त्याच्यासारखं नाही. इथं कुणी पहारा बदलायला येत नाही.

काल पहिल्यांदा बोलली. जाळ्याची गाठ मारत, माझ्याकडं न बघता.

"लिवनारा तू व्हय?"

"व्हय."

"मंग छापनारा कुटं हाय?"

तिनं गाठ दातानं आवळली.

"बिरूनं वाचून दावलं मला. माझा नवरा आमच्याच दगडानं मेला, आसं ज्यानं छापलं, त्यो कुटं हाय? त्याला हितली वाट ठावं न्हाय का?"

मी तुमचं नाव सांगितलेलं नाही. तुम्ही अंजलीचे वडील आहात हेही तिला माहीत नाही. ते सांगणं माझं काम नाही. माहिती पुरवायचं मी सोडून दिलंय.

उद्या सकाळी मी पुन्हा तिथं असेन. डाळजच्या फाट्यावर उतरायचं आणि पाण्याकडं चालायचं. पावसानं वाट निसरडी झालीय, काठी घेऊन या. शाल आणू नका. तिचं घर एका खोलीचं आहे, पण दारापुढं दोन माणसं उभी राहतील एवढी जागा आहे.

अनुप